भाभा, पिप्पू आणि ताता

निकिता दोन वर्षांची असताना भाकरीला भाभा म्हणायची, पिठल्याला पिप्पू आणि ताकाला ताता. आता ती नववीत गेली, पण तिच्या बाबांची, रंगरावांची जीभ काही पुढच्या वर्गात गेली नाही. वावरातून आले की दारातूनच हाक, "निकू, भाभा झाली का व?"

शाळेच्या आनंद मेळाव्याच्या दिवशी सकाळीच तिने बजावलं, "बाबा, या तुमी, पन तिथं भाभा-ताता बिलकुल म्हनू नोका. सारी शाळा राह्यते."

"नाही म्हनत, बाप्पा!" रंगरावांनी कान धरले.

गेल्या वर्षापर्यंत जिची हजेरीसुद्धा बाईंना ऐकू जायची नाही, ती पोरगी यंदा भाकरीच्या दुकानाची म्होरकी होती! पण समोर वैष्णवीच्या मंच्युरियनवर पोरं तुटून पडलेली, आणि हिच्या भाकरीकडे माश्यासुद्धा फिरकेनात. तेवढ्यात रंगराव आले. वांग्यांना पाणी देऊन तसेच, चिखलाच्या पायांनी. भुकेपुढे सकाळचं वचन कुठलं आठवायला!

"निकू, एक भाभा दे, अन् त्याच्यावर लय सारा पिप्पू!"

वर्गातला मुन्ना बाजूलाच उभा होता. "भाभा! आयकलं का बे?" मंच्युरियनची अख्खी रांग खिदळली.

"बाबा, नीट बोला न!" निकिता फणकारली.

रंगरावांचा पुढे आलेला हात तिथंच थांबला. मग ते हळूच म्हणाले, "भाकर द्या, मॅडम."

भाकर. तिच्याशी बोलताना हा शब्द त्यांनी कधी वापरलाच नव्हता. परक्याच्या दारात उभं राहून मागावं, तसा वाटला तो.  निकिताने ताट वाढून त्यांच्या हातात दिलं आणि झटक्यात स्टुलावर चढली.

"या, या! गरम भाभा! भाभावर पिप्पू, अन् वरतून थंडगार ताता! मुन्न्या, दात काय काढून राह्यला बे? खाऊन पाह्य!"

मुन्ना आला. खाल्लं. परत आला, तो चार पोरं घेऊन. शेवटी तर वैष्णवीच आपलं दुकान सोडून गिलास पुढे करून उभी, "मले बी ताता दे न व!"

रंगराव कडुनिंबाखाली बसून जेवत होते. निकिता त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"कशी झाली?"

"भाकर चांगली झाली," ते जपून म्हणाले.

"मंग द्या वापस. मी भाकर आनलीच नाही."

रंगरावांनी ताट पोटाशी ओढलं. "नाही देत जाय! माही भाभा हाय ते."