जावक क्रमांक नाही, तर पत्र नाही

दहिवलीच्या बाजूच्या त्या हायस्कुलात रोज सकाळी तीनशे मेल येत. त्यातले दोनशे पंच्याण्णव परदेशातल्या निपुत्रिक राजपुत्रांचे, नाहीतर गुडघेदुखीवरच्या तेलाचे. उरलेल्या पाचांत शिक्षण खात्याने माहिती मागवलेली असे, म्हणजे तेही कुणाला नकोच असत. पण लॉटरी लागल्याच्या एका मेलला खुद्द मुख्याध्यापिका विनिताबाईंनी मोठ्या आशेने उत्तर दिलं, आणि मग मात्र शाळेच्या मेलला गाळणी बसवायचं ठरलं.

बसवणार कोण? झिनत. ती कॉम्प्युटर शिकवायची. पंखा बंद पडला तरी तिलाच हाक मारत, कारण पंखाही विजेवरच चालतो.

झिनतने दोन दिवस सर्व्हरसमोर बसून गाळणी बसवली. ही गाळणी शिकणारी होती. रोजचा कचरा दाखवत गेलं की हळूहळू ती आपोआप कचरा ओळखणार होती.

"शिकणार? आणि चुकली तर जबाबदार कोण?" विनिताबाईंनी विचारलं. शिकण्यावर त्या शाळेत कुणाचाच फारसा विश्वास नव्हता. लगेच सभा भरली, वडे मागवले गेले.

तोड काढली हेडक्लार्क नागूभाऊंनी. तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस. "खऱ्या पत्रावर जावक क्रमांक असतो," ते म्हणाले. "क्रमांक नाय, तर ते पत्रच नाय. टाका कचऱ्यात."

"पण भाऊ, सगळे थोडेच क्रमांक घालतात?" झिनत म्हणाली.

"सज्जन घालतात."

टाळ्या पडल्या, ठराव झाला. त्याला आणखी एक कलम चिकटलं: चिटणीससाहेबांचा सुविचार कुठेही अडता कामा नये. संस्थेचे चिटणीस रोज पहाटे शाळेच्याच मेलवरून एक सुविचार, आणि खाली स्वतःचा फेट्यातला फोटो, कर्जत-खालापुरातल्या झाडून सगळ्या शाळांना, कचेऱ्यांना आणि पालकांना धाडत. त्याला नागूभाऊ आवर्जून जावक क्रमांक देत.

झिनतला हे सगळं खुळचट वाटत होतं. पण तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. तिने मान डोलावली आणि ठरावाप्रमाणे गाळणी करून टाकली.

दुसऱ्या दिवशी मेल आले फक्त चार. विनिताबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी स्वतः चहा मागवला.

आता त्रास एकच उरला होता. आठवीतली भाग्यश्री रोज मधल्या सुट्टीत लॅबच्या दारात उभी राहायची. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतली पोर. खालापूरच्या एका निवासी विद्यालयाची परीक्षा तिने दिली होती. निवड झाली तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. नाही झाली तर आईसारखीच वीटभट्टी. घरी मेल कुठला? म्हणून अर्जावर झिनतनेच शाळेचा मेल घातला होता.

"बाई, आला का मेल?"

"नाही गं. आला की मीच सांगेन. रोज कशाला येतेस?"

पोर यायची थांबली. झिनतला बरंच वाटलं.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, कचरा कायमचा पुसण्याआधी झिनतने तो सहज चाळला. राजपुत्र आणि तेलाच्या मधोमध तिला दिसलं: कु. भाग्यश्री चांगो हिलम हिची निवड झाली आहे. तोच मेल तीनदा आला होता आणि एकावरही जावक क्रमांक नव्हता. शाळेने संमती आज पाचपर्यंत कळवायची, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

ठराव सगळ्यांचा होता, पण हात तिचे होते.

अडीच वाजले होते. संमतीचा मेल लिहिला, नागूभाऊंनी क्रमांक दिला, मेल गेला आणि अर्ध्या मिनिटात परत आला. पुन्हा धाडला, पुन्हा परत. शेवटी झिनतने विद्यालयाला फोन लावला.

शाळेचं नाव ऐकून पलीकडच्या बाईंनी सुस्कारा टाकला. "तुमचा मेल आम्ही बंद केलाय हो. रोज पहाटे ते फेटेवाले यायचे. आमच्या संगणकाने तुमची अख्खी शाळाच कचऱ्यात काढली. आता कागदच आणा. शाळेचा शिक्का आणि बापाचा अंगठा. पाचच्या आत."

"हे चिटणीससाहेबांना कोण सांगणार?" विनिताबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. त्यांना तेवढीच काळजी पडली होती. झिनतने कागद त्यांच्यापुढे धरून सही-शिक्का घेतला आणि स्कूटर काढली.

भाग्यश्रीचा बाप चांगो कडाव गावात टेंपोतून विटा उतरवताना सापडला. हात न धुताच तो मागे बसला. चौक फाट्यावर ट्रकांची रांग लागलेली, झिनत कडेच्या मातीतून गाडी काढत राहिली. पावणेपाचला दोघं विद्यालयात पोचली. तिथल्या बाईंनी शिक्का पाहिला, अंगठा घेतला, कागद फायलीत लावला. दोन मिनिटांत काम झालं. जावक क्रमांकाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर झिनतला हसू आवरेना. "भाग्यश्रीला लगेच सांगा हं. आज शाळेत दिसली नाही कुठे."

"आजची काय गोष्ट, बाई," चांगो म्हणाला. "पंधरा दिस झालं, आईसंगं भट्टीवर माती तुडवते. तुमी म्हनला ना, रोज कशाला येतेस. तिला वाटलं, आपन नापास झालो, बाईंना सांगवत नाय."

झिनतचं हसू जागीच मेलं. चांगोला मागे बसवून तिने गाडी वळवली, ती शाळेकडे नव्हे, भट्टीच्या रस्त्याला. बातमी नंतर सांगायची, आधी पोरीची माफी मागायची, एवढं तिने मनाशी ठरवलं.