एकटा ‘त्स्ना’

मित्रांनो, मी एक जुना खिळा आहे. भिंतीत ठोकायचा नव्हे, छापखान्यातला. माझ्या डोक्यावर ‘त्स्ना’ हे एकच जोडाक्षर आहे, तेही उलटे. कागदावर टेकलो की सरळ उमटतो.

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका छापखान्यात आमचे अख्खे कुटुंब होते. तिरप्या वळणाचा टाईप, बोरूने लिहिल्यासारखा, कुठे जाड तर कुठे केसाएवढा बारीक. बातम्या आमच्यात कधी छापल्या नाहीत; चार ओळींतच वाचणाऱ्याचे डोळे शिणले असते. आम्ही नावांसाठी होतो. पत्रिकेतले नवरा-नवरी, मानपत्रातले सत्कारमूर्ती, कडोलीच्या साहित्य संमेलनाचे निमंत्रण. तिरपेपणामुळे आमच्या वेलांट्या शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर झुकत आणि जरा जोर लागला की मोडत. खिळे जुळवणारे आण्णाप्पा मात्र आम्हाला बोटांच्या टोकांनी उचलत.

त्यांच्या लेकीचे, ज्योत्स्नाचे लग्न ठरले तेव्हा कुटुंबात ‘त्स्ना’ नव्हता. मालक मारुतीराव म्हणाले, “साध्या टाईपात घाल की नाव. कोण बघतंय?”

“नवरीचं नाव हाय, मालक. ती बघंल की.”

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत आण्णाप्पांनी दोन खिळे कानशीने घासले, कथलाचा डाग देऊन एक केले. तो मी.

पुढे ज्योत्स्नाला मुलगी झाली, पारमिता. नाव ठेवले त्या दिवशी आण्णाप्पा आमच्या खणाशी येऊन म्हणाले, “हिची पत्रिकाबी तुमच्यातच. तवर मी तुमाला हलू देत न्हाय.”

त्या शब्दावर मी विसंबलो. छापखान्यात संगणक आला, आमच्यावर धूळ बसली, तरी विसंबलो.

यंदा पारमिताचे लग्न ठरले. ती आजोबांना घेऊन छापखान्यात आली, तिने खण ओढला. खण रिकामा होता. फटीत अडकलेला मी तेवढा खाली पडलो; आण्णाप्पांनी मला उचलून खिशात टाकले.

“आज्जा, टाईप कुठाय?”

“भंगारात गेला.”

“कुणी घातला?”

“मीच पोत्यात भरला. मालक म्हणाले जागा पायजे, मी व्हय म्हटलो.”

पत्रिका शेवटी निपाणीत, नवऱ्या मुलाच्या गावी, संगणकावर झाली. तिरपे अक्षर तिथेही होते, पण आईच्या नावातले जोडाक्षर त्याला जुळले नाही. ‘ज्योत् स्ना’ असे दोन तुकडे छापून आले.

आण्णाप्पा चिडले. “माझ्या लेकीचं नाव लंगडं केलंस की गं.”

“धड पाय तूच वितळायला धाडलास, आज्जा.”

आण्णाप्पांनी खिशातून मला काढले, शाईत बुडवले आणि पत्रिकेच्या पाठीवर टेकवले. मी स्वच्छ उमटलो. पण आधीचा ‘ज्यो’ आणायचा कुठून? एकटा ‘त्स्ना’ कुणाचेच नाव होत नाही.

मित्रांनो, परक्याने आम्हाला पोत्यात भरले असते तर इतके लागले नसते. हात तेच होते, बोटांच्या टोकांनी उचलणारे. जुनी वस्तू टाकायची तर खुशाल टाका. फक्त तिला आपण कधी काही कबूल केले होते का, तेवढे आधी आठवा.