क्लिपवरची पांढरी रेषा

मिस्त्रीने अठरावी क्लिप आवळली, खिशातून बोटभर उंचीची रंगाची बाटली काढली आणि बारीक ब्रशने एक पांढरी रेषा ओढली. स्क्रूच्या मध्यापासून त्याच्या कडेपर्यंत, आणि तिथून पुढे क्लिपच्या पत्र्यावर. बाकीच्या सतरा क्लिपांवरही अशाच रेषा होत्या.

"हे कशाला?" बाबांनी विचारलं.

"कोणी हात लावला तर मला कळावं म्हणून."

"माझ्या गाडीला माझ्याशिवाय कोण हात लावणार?"

"तेच म्हणतोय, काका."

बाबा हसले नाहीत. मी हसले, आणि बाबांनी माझ्याकडे बघितल्यावर थांबले.

गाडी चौतीस वर्षांची आहे. लाल, बुटकी, दोनच सीटची. तिचं इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे नाकाशी, त्यामुळे इंजिन थंड ठेवणारं पाणी दोन लांब नळ्यांतून सीटखालून पुढे जातं आणि परत येतं. या नळ्यांना जोडणारे रबरी होजचे नऊ तुकडे आहेत, म्हणजे अठरा टोकं आणि ती आवळून धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, अठरा क्लिपा. त्यांतला इंजिनावरचा सगळ्यात जाड तुकडा गेल्या महिन्यात टेकडीच्या चढावर फुटला. आई शेजारी बसली होती. मागून वाफेचा लोट आला तशी ती दार उघडून जी उतरली, ती तशीच चपला फटफटवत दोन किलोमीटर चालत खाली आली. त्या दिवशी ती बाबांशी बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, तेव्हा ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तेव्हा दादाने जेवणाच्या टेबलावर अट घातली. सगळे होज बदलायचे, आणि मग एकदा टेकडी चढून उतरायची. "एक थेंब गळला तर किल्ली माझ्याकडे. गाडीचं काय करायचं ते मी ठरवीन."

"आणि नाही गळला तर?" बाबा म्हणाले.

"तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही."

"ऐकलंस?" बाबा आईकडे वळले. "साक्षीदार आहेस तू."

बाबांचं वय त्र्याहत्तर. डोळे ठीक, हात ठीक. कामावरून निवृत्त झाल्यापासून ही गाडी म्हणजे त्यांचा सगळा दिवस आहे. किल्ली गेली तर ते कुठे जातील आणि काय करतील, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आलं नसतं. दादाला मात्र गाडी विकायचीच आहे असं मला वाटत होतं. त्याला विचारलं असतं तर त्याने नाही म्हटलं असतं, आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. मी पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पुराव्याशिवाय वाटणं ही गोष्ट मला आवडत नाही, पण वाटत होतं.

आमचं घर असंच आहे. बाहेर पडताना आई कुलूप लावते. मग बाबा ते ओढून बघतात, मग दादा, आणि सगळे फाटकापाशी पोचले की मी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून परत जाते आणि ओढून बघते. शेजारच्या काकू म्हणतात, तुमच्या घरी चोराला काही करायलाच नको, तुम्हीच एक दिवस कुलूप उपटून ठेवाल.

काम शुक्रवारी दुपारी संपलं. जुन्या मापाचे रबरी होज आता मिळत नाहीत, म्हणून मिस्त्रीने निळे सिलिकॉनचे आणले होते. त्याने पाणी आणि त्यात मिसळायचं हिरवं कूलंट भरलं, इंजिन अर्धा तास चालू ठेवलं, नळ्यांतली हवा काढली आणि हात पुसत बाबांना सांगितलं, "आता रविवारपर्यंत झाकण उघडायचं नाही. बघायचं सुद्धा नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

शनिवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन मागच्या गॅरेजकडे गेले, तर इंजिनावरचं झाकण वर होतं आणि दादा आत वाकलेला. एका हातात टॉर्च, दुसरा हात कोपरापर्यंत आत. मला बघताच तो सरळ झाला.

"काय गं प्रयोगशाळे, एवढ्या सकाळी?"

"तू काय करतोयस?"

"काही नाही. बघत होतो."

"काय?"

"इंजिन," तो म्हणाला, झाकण लावलं आणि माझ्या हातातला चहा घेऊन घरात गेला.

भिंतीतल्या फळीवर एक स्क्रूड्रायव्हर पडला होता. बाबांची हत्यारं पेटीत, आकाराच्या क्रमाने असतात. मी झाकण परत उघडलं. दादाचा हात जिथे होता तिथे तोच जाड होज होता, इंजिनाच्या तोंडाशी. त्याच्या क्लिपवरची रेषा तुटली होती. पत्र्यावरचा भाग जागेवर होता, पण स्क्रूवरचा भाग बरोबर उलट्या दिशेला तोंड करून होता, म्हणजे स्क्रू अर्धा फेरा फिरला होता. अर्धा आटा.

 मला जे समजलं ते असं: दादाने क्लिप अर्धा आटा सैल केली. फार नाही. घरी काही दिसणार नाही, टेकडीवर दाब वाढला की एक थेंब येईल. एक थेंब पुरेसा होता.

त्याला जाब विचारावा असं वाटलं. मग तो नाही म्हणेल, मी हो म्हणीन, आई मध्ये पडेल आणि बाबांना कळेल की त्यांच्या मुलाने काय केलं. त्यापेक्षा मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि स्क्रू आवळायच्या दिशेने अर्धा आटा फिरवला. रेषा जुळली. अगदी सरळ, जशी मिस्त्रीने ओढली होती.

स्क्रू जड फिरला. सैल केलेला स्क्रू इतका जड का जावा, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. कामावर असं एक वाचन जरी वेगळं आलं तरी मी नमुना पुन्हा तपासते. इथे मी फक्त मनगट चोळलं आणि स्क्रूड्रायव्हर पेटीत, त्याच्या क्रमाच्या जागी ठेवला.

दिवसभर मी दादावर नजर ठेवून होते. तो दोनदा गॅरेजच्या बाजूला गेला, दोन्ही वेळा कपडे वाळत घालायला. दुसऱ्या वेळी त्याने मला खिडकीत पाहिलं आणि एक ओला टॉवेल उचलून असा पसरून दाखवला, जणू मी त्याचीही तपासणी करणार होते.

रविवारी नऊ वाजता आम्ही निघालो. बाबांच्या शेजारी मी, आणि मागे मिस्त्रीच्या व्हॅनमध्ये मिस्त्री आणि दादा. आईने फाटकापाशी उभं राहून फक्त एवढंच विचारलं, "पाण्याची बाटली घेतलीत ना? प्यायची."

गाडी सुंदर चालली. तापमानाचा काटा मध्यावर होता आणि हलला नाही. बाबा वळणांवर गिअर बदलताना हळूच ओठ हलवत होते, जसे ते पूर्वी आम्हाला पाढे म्हणायला लावून स्वतः मनात म्हणायचे. सहाव्या वळणावर मला वास आला. गोडसर, किंचित चिकट असा. कूलंटचा वास मी कुठेही ओळखते.

"तुला काही वास येतोय?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. काटा अजून मध्यावरच होता. 

वर सपाटीवर त्यांनी गाडी थांबवली. मागून व्हॅन आली. दादा उतरला आणि थेट गाडीखाली वाकला. मग न बोलता त्याने बोट दाखवलं. डांबरावर एक हिरवा ठिपका होता, आणि आम्ही बघत असतानाच त्याच्या शेजारी दुसरा पडला.

मिस्त्रीने झाकण उघडलं, वाफ जाऊ दिली, आणि चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं. जाड होजच्या क्लिपची पट्टी सिलिकॉनमध्ये रुतली होती. पट्टीच्या खाचांतून निळा होज फुगून बाहेर आला होता आणि एका कडेला कापला गेला होता. तिथून थेंब येत होता.

"जास्त आवळली गेलीय," मिस्त्री म्हणाला.

"पण रेषा सरळ आहे," दादा म्हणाला. "म्हणजे नंतर कोणी हात लावलेला नाही."

बाबा पटकन म्हणाले, "मग ही कामातली चूक झाली. यात गाडीचा दोष नाही आणि माझाही नाही. किल्लीचं बोलणं याला लागू होत नाही."

"मी एवढी आवळत नाही, काका."

"रेषा तुझीच ना?"

"माझीच."

"मग? वय होतं रे माणसाचं. हाताचा अंदाज राहत नाही. मी काय बोल लावतोय का तुला?"

 मिस्त्री बाबांची गाडी तेवीस वर्षं बघतो आहे. त्याने उजवा हात समोर धरला, मूठ मिटली, उघडली, आणि परत क्लिपकडे पाहिलं. त्या सरळ रेषेवर त्याचा विश्वास बसत चालला होता, हे मला दिसत होतं. मी गप्प राहिले असते तर किल्ली बाबांकडेच राहिली असती. दादाकडे बोलायला काही उरलं नसतं. फक्त मिस्त्री घरी जाऊन स्वतःच्या हातांकडे बघत बसला असता.

"शेवटचा अर्धा आटा माझा आहे," मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"काल सकाळी. रेषा अर्धा आटा हललेली होती. मी ती जुळवली."

"आवळून?" मिस्त्रीने विचारलं.

"हो. मला वाटलं कोणीतरी सैल केलीय."

"कोणीतरी म्हणजे?" दादा म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "मी? मला तिथे पाहिलंस म्हणून? तुला वाटलं, मी क्लिप सैल केली?"

"हो."

"अगं, तू आणि बाबा बसणार होतात त्या गाडीत!"

 तो गाडीभोवती एक चक्कर मारून परत आला. "मी ठिपका शोधत होतो. दिसावा असंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण स्क्रूला हात लावला नाही. तू विचारलं का नाहीस सरळ?"

"विचारलं होतं. तू म्हणालास, इंजिन बघतोय."

"इंजिनच बघत होतो!"

मिस्त्री मान हलवत होता. "थांबा, थांबा. अर्धा आटा सैल करून अर्धा आवळला असता, तर क्लिप माझ्या जागेवर आली असती. इतकी रुतली नसती. म्हणजे पहिला अर्धाही आवळण्याच्याच बाजूला गेलाय. रेषा अर्ध्यावर असली की सैल झालीय की घट्ट, ते तिच्याकडे बघून कळत नाही, ताई. दोन्हीकडून सारखीच दिसते." त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "गाडी बंद पाडणारा माणूस आवळत नसतो. ज्याला ती चालायला हवी असते, तो आवळतो."

आता आम्ही तिघं बाबांकडे पाहत होतो.

बाबा रस्त्याकडे बघत होते. "पहिल्यांदा गरम झालं की होज बसतो," ते म्हणाले. "मग अर्धा आटा द्यावाच लागतो. परवा रात्री मी तो दिला, अंधारात स्क्रूड्रायव्हरही फळीवरच राहिला. तूच शिकवलंस मला."

"रबराला, काका. हे रबर नाही. सांगितलं होतं ना, बघायचं सुद्धा नाही?"

"हाच फुटला होता मागच्या वेळी. माझा भरवसा नव्हता त्याच्यावर."

"माझ्यावर नव्हता म्हणा."

 बाबांनी मिस्त्रीच्या दंडाला हात लावला आणि तो तसाच काही वेळ राहू दिला. "मघाशी हाताचं बोललो ते चुकलं माझं," ते म्हणाले. त्यांनी किल्ली दादापुढे धरली. "एक थेंब म्हणाला होतास. हे दोन झाले."

मला वाटलं, दादा नको म्हणेल. त्याने घेतली. "महिनाभर माझ्याकडे," तो म्हणाला. "विकत नाही. पण महिनाभर मी चालवणार, आणि तुम्ही शेजारी बसणार. मग बघू."

"मग बघू म्हणजे काय?" बाबांनी लगेच विचारलं.

"म्हणजे मग बघू."

मिस्त्रीने होजचं कापलेलं टोक बोटभर छाटलं, होज पुढे ओढून बसवला, नवी क्लिप घातली आणि आवळली. त्या वेळी आम्ही तिघं इतके जवळ उभे होतो की त्याला कोपर हलवता येईना. "सरका जरा," तो म्हणाला. आम्ही एकेक पाऊल मागे झालो आणि तिथून बघत राहिलो.

दादाने ती गाडी कधीच चालवली नव्हती. रिव्हर्स गिअर पडेना. बाबांनी खिडकीतून दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आत हात घालून स्वतःच टाकला, मग वळसा घालून शेजारच्या सीटवर बसले. आतून दार ओढायची मूठ त्यांना सापडेना. चौतीस वर्षांत ते त्या बाजूला बसले नव्हते.

मी व्हॅनमध्ये मिस्त्रीशेजारी बसले. लाल गाडी पुढे, हळू, प्रत्येक वळणावर नको तेवढा ब्रेक लावत निघाली.

"आता गळणार नाही ना?" मी विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाला.

पण त्यानेही व्हॅनचा वेग कमी केला होता, आणि सगळा उतार आम्ही दोघं समोरच्या गाडीकडे न बघता तिच्यामागच्या कोरड्या डांबराकडे बघत खाली आलो.