वाकणावरची काठी

बिसुनदत्तने काठी गुडघ्यावर आपटून मोडली आणि चुलीत सारली. तिला बांधलेलं लाल फडकं आधी पेटलं.

“मोजणीवाल्यांची खूण आहे, भौजी. नदीच्या वाकणावर रोवली होती. दादाचं तेरावं व्हायचंय अजून, आणि यांना जमिनीची घाई!”

धनराजीने त्याच जाळावर चहाचं आधण ठेवलं. नवरा रामसमूझ उसाच्या सरीत कोसळून गेला त्या दिवसापासून तिला ना राग येत होता, ना रडू. लंबासाच्या साखर कारखान्याचा भोंगा झाला की उठायचं, एवढंच उरलं होतं. ऊस तिच्या आजेसासऱ्याने झाडी तोडून लावलेला. जमीन मात्र पलीकडच्या मूळ फिजी लोकांच्या गावकीची, आणि भाडेपट्टा महिनाअखेरीस संपत होता.

दुपारी गावकीचा साकिउसा दुखवट्याला रीतीप्रमाणे यांगोनाच्या, कुटून पाण्यात कालवून प्यायच्या मुळ्यांची जुडी घेऊन आला आणि चटईवर मांडी घालून बसला. रामसमूझचा हा लहानपणापासूनचा सोबती. हिंदी घरच्यांपेक्षा फर्डी बोलायचा आणि तिला भौजीच म्हणायचा.

“घर कधी रिकामं करायचं?” धनराजीनेच विचारलं.

“गावकीतली पोरं पट्टा वाढवायला तयार नाहीत, भौजी. बैठकीत बोलून बोलून थकलो. ऊस तेवढा तोडून न्या.” तो चटईकडे बघत राहिला. “पण मी त्यासाठी नाही आलो. वाकणावरची काठी कोणी काढली?”

बिसुनदत्तने चुलीकडे पाहिलं.

“आमच्यातलं माणूस गेलं की नदीवर अशी काठी रोवतात, मग शंभर रात्री त्या पाण्यात कोणी जाळं टाकत नाही. समूझसाठी रोवली होती मी.”

बिसुनदत्तचा चेहरा उतरला.

“मी जाळली,” धनराजी म्हणाली.

साकिउसा रागावला नाही. “असू दे. दुसरी रोवतो.”

“आम्ही तर महिनाअखेरीस जाणार. मग कोण पाळणार?”

“गाव पाळेल. तुम्ही असा नसा, माणूस आमचा गेलाय.”

“तुमचा?” धनराजीचा आवाज एकदम चढला. “तुमचा माणूस होता ना? मग त्याच्या बायकोने कुठे जायचं, ते विचारलंत का कोणी बैठकीत?”

“भौजी, अगं...” बिसुनदत्त पुटपुटला.

“तू गप्प बस!”

बोलता बोलताच तिला रडू फुटलं, दाबलं तरी दबेना. साकिउसा उठून गेला नाही. मान खाली घालून तिथेच बसून राहिला.