अर्ध्या वह्या कपाटात

आमचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. कुठली लिफ्ट बिघडणार हे आजवर मामा सांगायचे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. दाराला कान लावायचे आणि म्हणायचे, "हिचा ब्रेक बघा." उघडून बघावं तर ब्रेक झिजलेलाच. पण आता मामांनी सत्तरी गाठली. म्हटलं, हे काम एआयकडून करून घेऊ. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि तसं कबूल करायची लाज वाटत होती.

दोघं भेटायला आले. पहिली एक चष्मेवाली मुलगी. काहीही विचारा, "आत्ताच सांगता येणार नाही." वर म्हणते, "दुरुस्तीच्या निम्म्याच वह्या मला द्या. बाकीच्या कपाटात कुलपात ठेवा, मागितल्या तरी देऊ नका." मी मनात म्हटलं, कामचुकार दिसतेय. दुसरा सूटवाला. "साहेब, शंभरातले नव्याण्णव अंदाज बरोबर!" त्याला मी बावीस वर्षांच्या सगळ्या वह्या दिल्या, वर दोनदा चहा पाजला.

दोन महिन्यांत त्याने एआय तयार करून दिलं. मीही काही दुधखुळा नाही, चांगली परीक्षा घेतली. वहीचं कुठलंही पान उघडायचं आणि एआयला विचारायचं, या लिफ्टचं पुढे काय झालं? एक उत्तर चुकेल तर शपथ. मी खूश झालो आणि मामांना हात जोडून घरी बसवलं.

आज सकाळी मामा ऑफिसात आले. "जावईबापू, काल भाचीला डबा द्यायला तिच्या ऑफिसला गेलो होतो. तिथली लिफ्ट थांबताना कण्हते. बंद करा ती."

मी एआयचा स्क्रीन बघितला. त्या इमारतीसमोर हिरवा ठिपका, म्हणजे सगळं ठीक. "मामा, आता आराम करा की!" मी हसून म्हणालो. ते निघून गेले.

पण माझं मन लागेना. सूटवाल्याला फोन केला, तर नंबर बंद. शेवटी त्या मुलीला लावला आणि सगळं सांगितलं.

"तुम्ही त्याचं एआय तपासलंत कशावर?" तिने विचारलं.

"आमच्याच वह्यांवर."

"त्याला आधी दिलेल्याच?"

"हो."

"म्हणजे पेपर आधी हातात दिलात आणि मग त्याच पेपरची परीक्षा घेतलीत. नवीन लिफ्टचं त्या एआयला काय कळतं, हे तुम्ही बघितलंच नाही."

घड्याळात साडेनऊ. बायको ऑफिसात पोचायची वेळ. तिला फोन लावला.

"अगं, आज जिन्याने जा!"

"काय म्हणालास? दार लागतंय, तुझा आवाज..."

फोन तुटला. लिफ्टमध्ये तो तुटतोच, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तिच्या ऑफिसपर्यंतच्या सात मजल्यांना चाळीस सेकंद लागतात. मी शंभर मोजले आणि पुन्हा फोन लावला. लागला नाही. स्क्रीनवर ठिपका अजून हिरवाच होता.