कंसात, हसते

"दादा, आईचं ते रेकॉर्डिंग लाव ना," धाकटी बहीण म्हणाली. आईला जाऊन महिना झाला होता, आणि आपण त्यासाठीच आलोय, हे तिने दारातच सांगून टाकलं होतं.

तिचे दादा प्राध्यापक होते. माणसं निसर्गाविषयी कशी बोलतात, हा त्यांचा संशोधनाचा विषय. लोक बोलतात, हा ऐकतो आणि वर पगार घेतो, अशी घरात थट्टा चालायची. बुजवलेल्या तळ्याकाठच्या जुन्या रहिवाशांना त्यांनी बोलतं केलं होतं. त्यांत आईही होती. मोबाइल समोर धरला की एरवी तोंड मिटून घेणारी आई मुलाच्या कामाचं म्हणून तासभर बोलली होती.

"ते पुसलं," प्राध्यापक म्हणाले.

"पुसलं म्हणजे?"

"बोलणं कागदावर उतरवलं की आवाज पुसायचा. ओळख उघड होऊ नये म्हणून. तसं सगळ्यांना लिहून दिलेलं असतं."

"अरे, आपली आई ती! कुणापासून लपवत होतास?"

त्यांची सहायक संशोधिका पुसताना म्हणालीही होती, 'सर, आईंचं तरी ठेवा.' आपल्या माणसासाठी नियम वाकवला नाही, याचा त्यांना अभिमान वाटला होता. आता त्याच अभिमानाची त्यांना चीड आली.

बहिणीने डोळे पुसले. "मग कागद तरी वाच."

ते वर्गात वाचावं तसं वाचू लागले. "उत्तरदात्री क्रमांक सतरा. तळं होतं तेव्हा बेडूक रात्रभर नुसता उच्छाद मांडायचे. कंसात, हसते. पतीला म्हणायचे, गप्प करा हो त्यांना. कंसात, थांबते. आता गप्प झालेत, तर झोप येत नाही."

"पतीला? आई बाबांना पती म्हणायची?"

"ती 'तुझ्या बाबांना' म्हणाली होती. ते मी बदललं."

"आणि हसते म्हणजे कशी? आधी नाकातून हसायची, मग ठसका लागायचा तिला."

"एवढं लिहीत नाहीत गं."

"परत वाच. नीट वाच."

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. या वेळी कंस गाळले. बेडकांपाशी ते नाकातून हसले, आणि ठसका आपोआपच लागला. "तुझ्या बाबांना म्हणायचे, गप्प करा हो त्यांना."

पुढे आई थांबली होती. किती वेळ, ते कागदावर नव्हतं. दोघं थांबून राहिले.