बर्फाखालचं नाव

लेन सावात्स्की हॉकीच्या बंदिस्त मैदानाच्या दारात उभा राहून बुटांवरचं बर्फ झटकत होता आणि व्हर्ना कोस्ट्युकच्या मगातली कॉफी तिच्याच कोटावर सांडत होती. सांडणारच. उन्हाळ्यात जो मेल्याची बातमी येते, तो माणूस हिवाळ्यात असा पाय झटकत आत येत नसतो.

“मॉम, अगं भाजेल!” तो लगबगीने पुढे आला. केस पिकलेले, एक गुडघा धरलेला. हाक मात्र तीच.

“तू मेलायस,” व्हर्ना म्हणाली.

“कोण म्हणालं?”

“सगळं गाव.”

कॅनडातल्या सास्काचेवानच्या त्या सपाट मुलखात सेंट हेडविग कॉलेजचा ज्युनिअर आइस हॉकी संघ म्हणजे गावाचा जीव की प्राण. पहिलं मैदान पाद्र्यांनी दुधाच्या कॅनमधून पाणी वाहून, उघड्या शेतात गोठवलं होतं. मग लढाई आली. जी पोरं परतली नाहीत त्यांची नावं कुणीतरी गोलपुढच्या बर्फात रंगवली, आणि तेव्हापासून तो रिवाजच पडला. शरद ऋतूत बर्फाचा पातळ थर गोठला, की त्या वर्षी वारलेल्या संघाच्या जुन्या खेळाडूंची नावं त्यावर लिहायची आणि वरून उरलेलं पाणी गोठवायचं. सगळा मोसम त्या नावांवरून खेळ चालतो, आणि वसंतात बर्फाबरोबर तीही विरघळून जातात. ब्रश व्हर्नाकडे होता, कारण एक तर तिचं अक्षर मोत्यासारखं, आणि बाहेरगावची निम्मी पोरं तिच्याच घरी राहून, तिला मॉम म्हणत, तिच्या हातचं खाऊन वाढलेली.

लेन तिच्याकडे दोन हिवाळे राहिला होता. शेवटची स्पर्धा हरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पलंग रिकामा. निरोप नाही, नंतर कधी पत्र नाही. त्या खोलीत पुढे कितीतरी मुलं राहून गेली, पण व्हर्ना तिला लेनची खोलीच म्हणत आली.

“गेला तो रॉय,” लेन म्हणाला. “माझा भाऊ.”

व्हर्नाला एकदम कानकोंडं झालं. पेट्रोल पंपावर कुणीतरी सांगितलं होतं, सावात्स्की गेला, आपल्या संघातला. गावाला सावात्स्की म्हणजे गोल करणारा लेन. रॉय त्याच संघात होता, राहायला दुसऱ्या घरी, पण जन्म गेला बाकावर बसण्यात. तो कुणाला आठवलाच नाही. तिलासुद्धा.

“त्याचं नाव बघायला आलोय. शेवटी शेवटी तेवढंच बोलायचा. खेळायला नाही मिळालं, पण बर्फात तर माझी जागा आहे, म्हणायचा.”

“लेन, थांब जरा,” ती म्हणाली. तोवर तो लंगडत बर्फावर उतरलाही होता.

गोलपुढे चार नावं होती. तीन वीतभर अक्षरांत. चौथं गोलच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत: लेन सावात्स्की.

तो त्या नावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लंगडत गेला.

“सगळ्यांना एवढी मोठी अक्षरं असतात?”

बर्फ सारखं करणारी गाडी थांबवून ऑर्व्हिलच बोलला. “छे! मी म्हटलं, बाई, गोलकीपरला खेळाची काळी चकती दिसायची नाही. ऐकते थोडीच! इकडे नाक पुसतेय, तिकडे रंगवतेय.”

“ऑर्व्हिल, तोंड आवर.”

लेन दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसला आणि त्याने अक्षरांवर तळहात टेकला. “कोचने रॉयला पुढच्या वर्षी येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. त्याला एकट्याला कसा घरी पाठवू? तुला सांगितलं असतं तर तू थांब म्हणाली असतीस, आणि मी थांबलो असतो. मग लाजच वाटत राहिली.”

“एवढ्या वर्षांत एक फोन?”

“वाटलं, विसरली असशील.”

व्हर्नाने बुटाच्या टोकाने बर्फाकडे दाखवलं. “बघ. किती विसरले ते.”

आता लेनला हसू आलं, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. व्हर्नाने आपले पुसलेही नाहीत.

“रॉयचं काय करायचं रे?” तिने ऑर्व्हिलला विचारलं. “सामना आजच आहे.”

“थोडं खरवडून देतो. वर लिही, मी पाणी मारतो. गोठेल तोवर. याचं पण पुसू?”

“माझं राहू दे,” लेन म्हणाला. “तेवढंच पुढचं काम वाचलं. आणि रॉयचं इथं नको. आपल्या बाकासमोर लिही. गोलपुढे त्याला कधी कुणी उभंच केलं नाही. उगाच बावरेल बिचारा.”

व्हर्ना बाकासमोर ओणवी झाली. लेनने रंगाचा डबा धरला. तिने रॉयचं नाव लिहिलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली. ऑर्व्हिलने वरून पाण्याचा फवारा मारला.

“राहशील ना दोन दिवस?” कंबर धरून उठत तिने विचारलं.

“राहीन.”

“आणि या वेळी जाताना सांगून जा.”

“सांगितलं तर तू जाऊ देणार नाहीस.”

“म्हणूनच म्हणतेय,” व्हर्ना म्हणाली.